उरलेल्या लोकरीचं तोरण

“मग सून काय म्हणाली?” मठातल्या बुवांनी विचारलं.

“‘छान झालंय,’ म्हणाली.”

“आणि?”

“आणि विचारते कशी, ‘आई, पण माझं तोरण कुठं आहे?’ आता सांगा बुवा, समोर दाराला लटकतंय आणि ही विचारते कुठं आहे! मी म्हटलं, अगं हे काय, तुझ्या डोक्यावर. तर तशीच आत निघून गेली.”

बुवांनी मान हलवली. त्यांच्या मांडीवर रंगीबेरंगी लोकरीचा पसारा होता आणि हातात क्रोशाची सुई. सुई हळूहळू चालत होती. टाके एक घट्ट, तीन सैल असे कसेही पडत होते.

ते पाहून समोर बसलेल्या कुमुदबाईंचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी ते पदराखाली घेतले.

कुमुदबाई शेटे म्हणजे तालुक्याच्या गावातलं क्रोशाकामातलं बडं प्रस्थ. गावात कुठंही रुखवत मांडलं, की त्यात त्यांच्या हातची एखादी तरी वस्तू असायची. त्यांच्या क्लासची ख्याती अशी, की तिथं मुलींना रागावत नाहीत. कुणाचा टाका चुकला की बाई काम हातातून काढून घ्यायच्या, सर्रकन उसवायच्या आणि स्वतः विणून परत द्यायच्या. मुली खूश, त्यांच्या आया त्याहून खूश. मुलींना विणता येतं की नाही, याची चौकशी कुणी केली नव्हती.

सुनेनं, तृप्तीनं, मात्र सासूच्या क्लासचा उंबरा न ओलांडता मोबाइलवर बघून दसऱ्याचं तोरण केलं. आयुष्यातलं पहिलं. हात सैल, एक पान मोठं तर एक बारकं, पट्टी मधेच खाली आलेली. ते दाराला बांधून ती ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेली, आणि तेवढ्या दिवसांत कुमुदबाईंनी ते उतरवलं, उसवलं, आणि त्याच लोकरीचं देखणं तोरण विणून पुन्हा दाराला लावलं. मायेनंच लावलं, यात शंका नाही. दसऱ्याचं सोनं द्यायला गाव येणार, सुनेचं हसू व्हायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दसरा झाला आणि तृप्ती चार दिवसांसाठी कराडला माहेरी गेली. ती गेली ती गेलीच.

“फोनवर नीट बोलते हो,” कुमुदबाई म्हणाल्या. “गुडघा कसा आहे विचारते. कधी येतेस म्हटलं, की विषय बदलते. मुलगा शनिवारी तिकडे जातो, सोमवारी परत येतो आणि टीव्ही लावून बसतो. त्याला काही विचारायची सोय नाही. दिवाळी आली बुवा. लक्ष्मीपूजनाला घरची लक्ष्मी घरात नाही. घर खायला उठतं मला.”

असं म्हणून त्यांनी पिशवीतून जुन्या रेशमी साडीत गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं आणि उलगडलं.

तोरण होतं. दोन बाजूंना मोर, मधे कलश, खाली मण्यांची झालर, आणि झालरीच्या वर ‘सुस्वागतम्’ अशी विणलेली अक्षरं. मठात दर्शनाला आलेल्या दोघी बायका बघतच राहिल्या. असं काम कुमुदबाईंनीही याआधी कधी केलं नव्हतं.

“यावर हात ठेवा,” त्या म्हणाल्या. “हे दाराला लागलं की ती परत येईल, असं काहीतरी म्हणा.”

बुवांनी तोरण नीट पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण मला असलं काही म्हणता येत नाही, बाई. मला हे एवढंच येतं.” त्यांनी मांडीवरचा पसारा उचलून दाखवला.

तेही तोरणच होतं. त्या नदीकाठच्या मठाची रीतच तशी. आसपासच्या गावांत ज्याच्या घरी वर्षभरात काही विणलं गेलं असेल, त्यानं उरलेली लोकर मठात आणून टाकायची, आणि दिवाळीला बुवांनी त्या सगळ्या लोकरीचं तोरण करून मठाच्या दाराला बांधायचं. बाळाच्या टोपीतला गुलाबी, कुणाच्या मफलरमधला तपकिरी, सगळं त्यात यायचं. कुमुदबाईंचीही लोकर असायची. तोरण मात्र दरवर्षी बघवत नसे.

“जरा धरता का?” बुवा उठता उठता म्हणाले. “गाईला पाणी दाखवून येतो. तोवर पुढं विणा.”

…

बुवा परत आले. खाली बसले. तोरण हातात घेऊन त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते थांबलं.

“माझी ओळ कुठं गेली?”

“ती… फार सैल होती, बुवा. नीट केली.”

“नीट झाली खरी,” बुवा म्हणाले. “माझी कुठं गेली?”

“अहो, हीच की ती. लोकर तीच, टाके तितकेच.”

“लोकर तीच आहे,” बुवा म्हणाले.

सुई उचलून त्यांनी कुमुदबाईंच्या ओळीला आपली ओळ जोडायला सुरुवात केली. पुन्हा एक घट्ट, तीन सैल.

कुमुदबाई गोंधळल्या. हा प्रश्न आपण अलीकडेच कुठंतरी ऐकलाय, असं त्यांना वाटत राहिलं. कुठं, ते आठवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पण आठवून तरी काय उपयोग? त्यात चूक काय होती, ते त्यांना अजूनही कळेना. वाईट असलेलं चांगलं केलं, याचा राग कुणाला येतो?

“मग काय वाकडंच ठेवायचं का?” शेवटी त्यांनी विचारलंच. “शिकवायचं नाही कुणाला?”

“शिकवा की.”

“मग?”

बुवा टाके मोजत होते. मोजताना चुकले, हसले आणि तसेच पुढं गेले.

कुमुदबाईंच्या मनात आलं, उठावं आणि सरळ एसटी स्टँड गाठावा. पण उठून जायचं कुठं, तर त्या रिकाम्या घरात. त्या बसून राहिल्या.

दुपार कलली. दर्शनाच्या बायका निघून गेल्या. बुवांनी आपल्या तोरणाची शेवटची गाठ मारली, ते बाजूला ठेवलं आणि हात पुढं केला.

“तुमचं द्या.”

आता काहीतरी म्हणतील, या आशेनं कुमुदबाईंनी आपलं तोरण दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरलं. बुवांनी त्याच्या कडेला काहीतरी शोधलं. शेवटची गाठ सापडली. नखानं त्यांनी ती सोडवली आणि दोरा ओढला.

“बुवा!”

मणी टपटप खाली पडले. झालर सर्रकन उसवत गेली, आणि ती पार संपली तेव्हा बुवांचा हात थांबला. मोर शाबूत होते, कलश शाबूत होता, ‘सुस्वागतम्’ही शाबूत होतं. त्याखाली मात्र एकच टाका उघडा राहिला होता. बुवांनी त्यात आपली सुई अडकवली आणि मणी वेचून कुमुदबाईंच्या ओंजळीत घातले.

कुमुदबाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. आपलं काम दुसऱ्यानं उसवलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“हे असंच कराडला न्या,” बुवा म्हणाले. “सुई सुनेच्या हातात द्या.”

“आणि काय सांगू?”

“काही नाही.”

“माफी मागू तिची?”

“कशाची?”

कुमुदबाईंनी ओंजळीतले मणी पदराच्या टोकाला बांधले आणि तोरण हातात घेतलं.

बुवा उठले. दाराशी स्टूल ओढून त्यावर चढले आणि आपलं ते रंगीबेरंगी तोरण बांधायला लागले. डावं टोक खिळ्याला बसलं. उजवं टोक खिळ्यापर्यंत पोचेना. त्यांनी ओढून पाहिलं, तरी वीतभर कमीच पडलं.

कुमुदबाईंना बसल्या जागेवरून दिसलं काय झालंय ते. बाकी सगळ्या ओळी ऐसपैस, आणि मधली एकच ओळ घट्ट. तिनं सगळी पट्टी आत ओढून घेतली होती. तोरण चुणून आखूड झालं होतं. ती ओळ कुणाची, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

“अगंबाई,” त्या लगबगीनं उठल्या. “माझ्यामुळं झालं. द्या बुवा, तिथपर्यंत उसवते आणि लगेच करून देते.”

“हात लावू नका,” बुवा म्हणाले. “ती तुमची आहे.”

कुमुदबाईंचा वर गेलेला हात तसाच राहिला.

बुवांनी कनवटीतून सुतळीचा तुकडा काढला, तोरणाच्या आखूड टोकाला बांधला आणि दुसरं टोक खिळ्याला गुंडाळायला घेतलं. लोकरीच्या तोरणाला सुतळीची शेपटी. असलं ध्यान कुमुदबाईंनी कुठल्याच दाराला पाहिलं नव्हतं.

त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या एका हातात मोरांचं तोरण होतं. सुई निसटली आणि दोऱ्याला जरा ओढ बसली, तर उघड्या टाक्यापासून कलशापर्यंत सगळं उसवत जाणार. कराडपर्यंत ते असंच सांभाळून न्यायचं, आणि मग त्या सैल हाताच्या मुलीपुढं धरायचं.

“बुवा,” त्या म्हणाल्या, “तिच्या हातून हे बिघडलं तर?”

“माझं नाही का बिघडलं तुमच्या हातून?” बुवा स्टुलावरून म्हणाले. “धरा, ते टोक जरा वर धरा.”