मापाची काठी आणि गोंदाजीचं पागोटं

एकदा काय झालं, ऐका गुमान. मधेच कुणी पाणी मागायचं नाही. एका राजाला वाटलं, आपल्या राज्यातली पोरं उंच व्हावीत. म्हणून त्यानं पोरागणिक रोज नाचणीचा एक लाडू लावून दिला, नारळाएवढा. आणि गोंदाजी सुताराकडून सागाची एक मापाची काठी करून घेतली. दर दसऱ्याला सात वर्षांची पोरं त्या काठीला लावायची. डोकं टोकाला लागलं की राजा खूश.

पण लाडू राजवाड्यातून निघाला की वाटेत कोठीवाला चावायचा. मग कारभारी चावायचा. मग कोतवाल. पोराच्या हातात पडायची सुपारी.

मग पोरं वाढायची थांबली. थांबली कसली, आटायला लागली, बरं का. उन्हाळ्यात विहीर आटते तशी.

पहिल्या दसऱ्याला कोतवाल गोंदाजीकडे आला. काठी वीतभर काप म्हणाला, वर नारळ दिला. गोंदाजीनं कापली. दुसऱ्या दसऱ्याला उरली त्याची अर्धी केली, धोतरजोडी मिळाली. तिसऱ्या दसऱ्याला काठी बोटभर उरली आणि गोंदाजीला मिळालं जरीचं पागोटं. राजाला कळवलं, पोरं काठीला बरोबर लागतात. राजानं साखर वाटली.

गोंदाजी घरी आला. पागोटं पाटावर ठेवलं आणि नातीला हाका मारल्या. ठकी तिचं नाव, सात वर्षांची. मग पागोट्यातूनच आवाज आला, "आजोबा, मी इथं बसलेय. ऊब आहे इथं."

घडीत बोटभर पोर बसलेली. रोज डोळ्यांसमोर होती, तरी म्हाताऱ्याला आटताना दिसली नव्हती.

मग तो तिला तसंच पागोट्यात घेऊन दरबारात गेला. राजापुढे पागोटं उतरवलं. राजा हसला, ही बाहुली कशाला आणलीस म्हणाला.

"बाहुली नाही महाराज, नात आहे माझी. तुमच्या काठीला बरोबर लागते."

राजानं काठी मागवली. ठकी लागली. मग राजा स्वतः काठीशी उभा राहिला. काठी त्याच्या पायाच्या अंगठ्याएवढी भरली. राजा मटकन खाली बसला.

"काठी कुणी कापली?"

कोतवाल छताकडे बघायला लागला.

"मी," गोंदाजी म्हणाला. "तीनदा. हे पागोटं त्याचंच."

मग राजानं पहिलं माप चावडीच्या दगडात कोरून घेतलं. वाटेत लाडू चावणारे ते तिघं हुडकून काढले, त्यांच्या तोंडाला बैलासारखी मुसकी बांधली आणि डोक्यावर लाडवांच्या टोपल्या देऊन घरोघर हिंडवलं. गोंदाजीला बोडकाच घरी धाडला.

मग पोरं वाढली. ठकीही वाढली. पण वीतभर कमीच राहिली, पहिल्यांदा कापलेल्या तुकड्याएवढी. गोंदाजीनं तिला एक चौरंग करून दिला. त्यावर चढून ती शिंक्यातलं लोणी काढायची. ती चढली की म्हातारा दुसरीकडे बघायचा.

बाकी सगळी सुखानं नांदली. झोपा आता, पाय लांब करून. मुटकुळं करून झोपलेलं पोर मला बघवत नाही.