चंद्रावर उडणारा पदर

शाल्मलीला वाटलं होतं, परदेशात शिकलेलं खगोलशास्त्र आपण मालिकेतून घराघरांत पोचवू. प्रत्यक्षात तिला मिळाली सेटच्या कोपऱ्यातली एक खुर्ची आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ‘विज्ञान सल्लागार’ म्हणून झरझर सरकणारं नाव. साताऱ्यात तिची आई ते नाव दिसेपर्यंत टीव्हीसमोरून हलत नसे.

त्या दिवशी चंद्रावरचा प्रसंग होता. नायिकेच्या डोक्यावर काचेचं हेल्मेट, अंगावर पैठणी, समोर भलामोठा पंखा. पदर झकास उडत होता.

“साहेब, चंद्रावर हवा नाही. पंखा तरी बंद करा,” शाल्मली म्हणाली.

निर्माते निंबकर सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. “अहो विदुषीबाई, आमच्या बायका पोळ्या लाटता लाटता मालिका बघतात. कुणाच्या लक्षात येतंय?”

“बरं. मग पुढच्या शॉटला हिचं मंगळसूत्र काढू या. हेल्मेटमध्ये अडकतंय.”

“वेड लागलंय का? आधीच्या शॉटमध्ये आहे ना ते! एका शॉटपुरतं घालायचं राहिलं तरी बायका लगेच पकडतात. फोनवर फोन येतील!”

“पोळ्या लाटता लाटता?”

निंबकरांनी पंखा बंद करायला लावला. पदर खाली लोंबला.

“सुतक असल्यासारखं दिसतंय,” ते पुटपुटले. “लावा रे पंखा!” मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, “पटत नसेल तर नाव काढून घ्या. तेही कुणाच्या लक्षात यायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीनं नाव काढून घ्यायचं ठरवलं, आणि आधी आईला फोन लावला. ज्याच्या लक्षात येईल असं एक माणूस तिला ठाऊक होतं.