दांडग्याचा पट्टा

जनावरं एकमेकांशी तोंडावर भांडत आणि गुरांचे डॉक्टर सायकलवरून माळावर येत, त्या काळातली ही गोष्ट.

एका धनगराचा कळप दांडग्या नावाचा कुत्रा राखायचा. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असे. धनगर दर वर्षी गंजलेले खिळे काढून नवे बसवी, तेव्हा दांडग्या ऐटीत मान पुढे करी. पण डॉक्टर रेबीजची लस घेऊन आले, तसा तो कोकरांसकट झुडपामागे जाऊन बसला.

ते पाहून काबरी मेंढीचं डोकंच फिरलं. "बाहेर ये!"

"लहानपणी टोचलंय की, मावशी! आता मी काय पिल्लू आहे?"

"मग खिळे कशाला दर वर्षी बदलून घेतोस?"

"ते गंजतात."

"आणि लसीचा जोर जन्मभर टिकतो? तो ओसरलेला दिसत नाही, एवढंच! उद्या पिसाळलेला कोल्हा तुला चावला, तर तू चावशील कुणाला? माझ्याच लेकरांना! बिबट्यापासून तू आम्हाला राखशील रे, पण तुझ्यापासून कोण राखणार?"

तिने त्याच्या पोटाशी निजलेली कोकरं ढुशा देऊन उठवली आणि तरातरा निघाली. मागोमाग सगळा कळप दूर सरकला.

डॉक्टर सायकलवर टांग टाकणार, तोच दांडग्याने त्यांच्यासमोर येऊन मान पुढे केली.

सुई टोचून घेऊन तो परतला, तरी काबरी धुमसतच होती. "कोकरं घे जवळ," ती फणकारली. "माझ्याशी मात्र बोलू नकोस. पुढच्या वेळी आपणहून गेलास, की बघू."