तुळाजीचे हुलगे

तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला तळं, अशा एका गावात तुळाजी नावाचा एक कापडवाला राहत होता. कापड चांगलं विकायचा. माणूसही चांगला होता. फक्त एक खोड होती. आपण वाऱ्यासारखे पळतो, असं त्याला वाटायचं. हसू नका. असा एक जण प्रत्येक गावात असतो. तुमच्या गावात कुणी सापडत नसेल, तर आरशात बघा.

त्या सबंध गावालाच पळण्याचं वेड होतं. न्हावी पळे, सोनार पळे, देवळातले गुरवसुद्धा सोवळं वर खोचून पळत. मागे वाघ लागलेला नसे, पुढे कुठे पोचायचंही नसे. उगाच पळायचं. आता शहरातली माणसं मॅरेथॉन म्हणून पळतात, आणि पळण्याआधीच 'मी इतक्या वेळात येणार' असं भेटेल त्याला सांगत सुटतात. तेच हे वेड. फक्त त्या गावात घड्याळ नव्हतं. पातेलं होतं.

रीत अशी होती. सुगी सरली की एका पहाटे सगळे तळ्याकाठी जमत. घरोघरच्या चुली तिथे मांडल्या जात. गोवऱ्या ओलसर, विस्तव राखेखाली दाबलेला. त्यावर साधा भात शिजायचा म्हटला, तरी सकाळ सरायची. पळणाऱ्याने आपल्या पातेल्यात काय घालायचं, ते सगळ्यांदेखत मोठ्याने सांगायचं. ढोल वाजला की पातेली चुलीवर आणि माणसं वाटेवर. डोंगराला वळसा घालून परत यायचं आणि आपलं पातेलं आपल्याच हाताने उतरवायचं. तोवर त्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही, मग खालून धूर येवो नाहीतर जाळ.

'तांदूळ' म्हणणारा चपळ. 'हरभरे' म्हणणारा मधला. आणि कुणी 'हुलगे' म्हणाला की पोरं खिदळत, कारण हुलगे हे घोड्याचं खाणं आणि सांगणाऱ्याची चाल कासवाची. पण मानाचा हार चपळाला मिळत नसे. ज्याच्या पातेल्यात बरोबर शिजलेलं निघे, त्याच्या गळ्यात तो पडे. कच्चं निघालं तर गडी लवकर आला, करपलं तर उशिरा. शब्द आणि पाय यांची गाठ पडली का, एवढंच गाव चाखून बघत असे.

तुळाजी दरवर्षी 'तांदूळ' म्हणायचा आणि दरवर्षी कोळसा उतरवायचा.

"तुळाजीदादा, काजळाला यंदाही तुमच्याकडेच येऊ ना?" शेजारच्या बायका विचारायच्या.

आता, तुळाजी थापाड्या नव्हता बरं. त्याचं निराळंच होतं. तो सराव करायचा भल्या पहाटे, धुक्यात. तळ्यावरून धुकं उठायचं आणि दुधावर साय यावी तसं वाटेवर पसरायचं. त्यात त्याला स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. खालची जमीनही दिसायची नाही. झाडं नुसतीच समोरून यायची आणि मागे विरून जायची. आपण पळत नाही, तरंगतोय, असं वाटायचं. खाली कुठेतरी गाव झोपलंय, वर कुठेतरी डोंगर आहे, आणि मधून आपण पाखरासारखे चाललोय. काय ते सुख! शेजारी दुसरं कुणी नसलं, की धुक्यात प्रत्येक जण घोडाच असतो. तुळाजी घरी यायचा तो डोळे अर्धे मिटून. गिऱ्हाइकाने लुगडं मागितलं तर धोतर काढून द्यायचा. आणि पळण्याच्या दिवशी त्या धुक्यावर विसंबून शब्द देऊन बसायचा.

त्या वर्षी मात्र गोष्ट चेष्टेची राहिली नव्हती.

तुळाजीला मैना नावाची मुलगी होती. पलीकडच्या गावचे बहिर्जी म्हणून एक मातब्बर गृहस्थ, त्यांच्या मुलासाठी तिची बोलणी चालली होती. मैनेने त्या मुलाला जत्रेत एकदाच पाहिलं होतं, पण तेव्हापासून तिच्या हातची एकही भाकरी न करपता निघाली नव्हती. यावरून काय ते समजा. बहिर्जींनी निरोप पाठवला, "सोनंनाणं नको. पळण्याच्या दिवशी येतो आणि तुमच्या पातेल्यातलं जेवतो. ज्या घरचा शब्द करपतो, त्या घरची मुलगी मी सून करणार नाही."

तुळाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, यंदा तेवढं तांदूळ म्हणू नका," त्याची बायको साळूबाई म्हणाली.

"बाबा, यंदा मनाला विचारू नका," मैना म्हणाली. "पायांना विचारा."

"विचारलं," तुळाजी म्हणाला. "हुलगेच म्हणणार. वचन दिलं, जा."

तो दिवस उजाडला तो धुक्यातच. चुली नुसत्या लालसर ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. बहिर्जी पांढरंशुभ्र पागोटं घालून तुळाजीच्या चुलीपाशीच घोंगडीवर बसले होते. एकेकाने आपापला शब्द दिला. गंपू सोनार म्हणाला, "हरभरे." हा गंपू पळायला असा चपळ, की भाताचं पाणी आटायच्या आत परत येईल. पण तो दरवर्षी हरभरे सांगायचा, वाटेत जांभळीखाली ताणून द्यायचा आणि बेताने उठून यायचा. हार त्याच्या घरी खुंटीलाच असायचा म्हणा ना.

तुळाजीची पाळी आली. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "दादाचे तांदूळच! बायांनो, काजळाच्या डब्या आणा!" लोक हसले. बहिर्जींनी मान वर करून पाहिलं. तळ्यावरून धुक्याचा एक मऊ लोट आला आणि तुळाजीच्या अंगावरून गेला. त्याला वाटलं, आपल्याला पंख आहेत. होणाऱ्या व्याह्यासमोर पंखवाल्या माणसाने काय हुलगे म्हणायचं?

"तांदूळ!" तुळाजी म्हणाला.

साळूबाईने कपाळाला हात लावला. मैना चुलीकडे बघत राहिली. आणि ढोल वाजला.

तुळाजी निघाला. धुकं होतंच. पाय दिसेनासे झाले, गाव विरलं, आणि त्याचं तरंगणं सुरू झालं. त्या धुक्यातच त्याला मांडव दिसला. मैनेच्या कपाळाला मुंडावळ्या दिसल्या. सनईसुद्धा ऐकू आली. बहिर्जी भाताचा घास घेऊन म्हणत होते, "वा, मोगऱ्याच्या कळ्या!" वरातीचा घोडा तर तुळाजीच्या बरोबरीने दौडत होता. आणि खरं सांगायचं तर थोडा मागेच पडला होता.

एवढ्यात मागून कुणीतरी आलं. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई होती. ती चालत आली, शेजारून गेली आणि पुढे जाऊन थांबली.

"तुळाजीदादा, इथे का उभे?"

"उभा कुठे? पळतोय!" तुळाजी धापा टाकत म्हणाला.

"होय का? मला वाटलं, कुणाची वाट बघताय." आणि भाऱ्यासकट ती धुक्यात दिसेनाशी झाली.

मांडव विरला, घोडा गेला. उरला एक घामेजलेला कापडवाला आणि त्याचे दोन जड पाय. डोंगराची पहिली चढणही अजून संपली नव्हती. त्याने पहिल्यांदाच पायांना खरोखर विचारलं. पाय म्हणाले, हुलगे.

जांभळीखालून आवाज आला, "काय दादा, भात लागणार वाटतं खाली?" गंपू हाताची उशी करून पडला होता. "असं कर, ही तळ्याकडेची पाणंद धर. डोंगर सगळा चुकतो. जरा बसून घे आणि आरामात जाऊन भात उतरव. धुक्यात कोण बघतंय?"

तुळाजीने पाणंदीकडे पाहिलं. मऊ, उताराची, गवताने झाकलेली वाट. तिथून गेलं की भात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा निघणार. बहिर्जी जेवणार, मैना हसणार, सनई वाजणार. सगळं बरोबर होणार होतं. पण मग त्याच्या मनात आलं, की बाप मुलीला भांडी देतो, लुगडी देतो. आपण आंदण म्हणून काय देणार? थाप? आणि ती बिचारी जन्मभर त्या घरात ती झाकून ठेवणार?

"कोण बघणार, ते मलाही माहीत नाही," तुळाजी म्हणाला. "पण मैना जेवण वाढताना मी तिच्याकडे कसा बघू?"

आणि तो मागे फिरला. पाणंदीने नव्हे, आल्या वाटेने.

धुक्यातून तुळाजी परत येताना दिसला, तेव्हा हातातली कामं टाकून गाव उभं राहिलं. इतक्या लवकर? मग लोकांच्या ध्यानात आलं, की हा उलट्या बाजूने आलाय. पातेल्यात पाणी नुसतं कोमट झालं होतं. तुळाजीने ते आपल्या हाताने उतरवलं आणि बहिर्जींसमोर हात जोडले.

"मी तांदूळ म्हणालो. ते धुकं बोललं, मी नाही. माझे पाय हुलग्यांचे आहेत."

असा हशा त्या तळ्याकाठी कधी पिकला नव्हता. बदकं उडाली. बहिर्जी मात्र हसले नाहीत.

"शब्द बदलला, तर पळणं पहिल्यापासून," ढोलवाला म्हणाला. "पण आता भिजवलेले हुलगे कुठून आणणार?"

साळूबाईने पदराआडून एक ओली पुरचुंडी काढली.

"दरवर्षी आणते," ती म्हणाली, "आणि दरवर्षी परत नेते."

हुलगे चढले. ढोलवाल्याने एकट्या तुळाजीसाठी पुन्हा ढोल वाजवला. तो निघाला, आता सगळ्यांच्या मागे. पुढे धुकंही फाटलं. ऊन पडलं. त्याला आपले पाय दिसू लागले. ते चांगले नव्हते दिसायला, पण त्याचे होते. त्याने त्यांना हाकललं नाही, नुसतं सोबत घेतलं. डोंगरामागे निळसर सावली होती, वाऱ्यात गवत निजत होतं आणि उठत होतं. वाट अर्धवट झोपेतल्या गाण्यासारखी पुढे पुढे जात होती. मनावरचं ओझं उतरलं होतं, म्हणून की काय कोण जाणे, त्याला दमही कमी लागला.

तळ्याकाठी सगळ्यांची जेवणं झाली. गंपूला हार मिळाला. मिळू दे. संध्याकाळी तो त्याच्या शेळीने खाल्ला. लोक भांडी घासू लागले, तरी बहिर्जी तुळाजीच्या चुलीपाशी उपाशीच बसून होते. मैना त्यांच्याकडे बघत नव्हती आणि दुसरीकडेही बघत नव्हती.

शेवटी तुळाजी आला. पातेलं उतरवलं. बहिर्जींनी एक हुलगा उचलला आणि बोटांत दाबला. दबेना. तोंडात टाकला. कटकन आवाज झाला.

"कच्चे आहेत," ते म्हणाले.

मग ढोलवालाच पुटपुटला, "म्हणजे... तुळाजी लवकर आला?"

असं त्या गावात कधीच घडलं नव्हतं. तुळाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलंच माझं," तो म्हणाला. "यंदाही शब्द काही जमला नाही."

"अहो, कच्चं पुन्हा चढवता येतं," बहिर्जी म्हणाले. "करपलेल्याचं मी काय करणार होतो? ठेवा पातेलं चुलीवर. आणि जरा सरका, व्याही. शिजेपर्यंत मलाही टेकायला जागा द्या."

विस्तव विझत आला होता. मैना गोवऱ्या आणायला धावली, आणि वाऱ्यासारखं पळणं म्हणजे काय, ते त्या गावाने तेव्हा पाहिलं.

तात्पर्य: स्वप्नात हवं तेवढं पळावं, पण शब्द देताना पायांना विचारावं. भलताच शब्द गेलाच तोंडातून, तर आडवाटेने तो खरा करू नये. करपण्याआधी मागे फिरून बदलून घ्यावा. चार लोक हसतील. हसू द्या, त्यांचंही काहीतरी चुलीवर असेलच.