भिवाजीने गाडीला फिल्म लावली

एका गावात एक भोळा घरजावई होता. म्हणजे गाव त्याला भोळा म्हणे. सासरे काय म्हणत ते इथे सांगण्याजोगं नाही. त्याचं नाव भिवाजी. सांगितलेला शब्द तो कधी खाली पडू देत नसे, हीच त्याची खोड.

सासरे यशवंतरावांनी नवी कोरी गाडी घेतली. स्वतःसाठी नव्हे. धाकट्या मुलीला, वैजयंतेला, हिंदुरावांचं स्थळ सांगून आलं होतं. हिंदुराव तत्त्वाचे माणूस. हुंडा घेत नव्हते. फक्त गाडी हवी, तीही ओरखडा नसलेली. वैजूला हे स्थळ नको होतं, पण तिला विचारतो कोण? ती बिचारी रडून रडून थकली.

गाडीच्या रंगाला जपणारी पारदर्शक फिल्म यशवंतरावांनी शहरातून आणली. दुकानात लावून घ्यायची तर मजुरी पडते. घरी जावई फुकट होता.

"जावईबापू, ही गाडीवर लावा."

भिवाजीने फिल्म टपावर अंथरली आणि सुतळीने बांधली.

"अहो, आधी पाठीमागचा कागद सोलायचा, मग लावायचं!"

"बरं मामा," भिवाजी म्हणाला आणि त्याने खूणगाठ बांधली.

संध्याकाळी सासूबाईंनी नवं कॅलेंडर भिंतीवर लावायला दिलं. भिवाजीने ते उलटं केलं आणि पाठीमागचे सगळे कागद सोलून काढले. घरात तेवढा जानेवारी उरला.

यशवंतरावांनी कपाळाला हात लावला आणि त्याला पुन्हा गाडीकडे पाठवलं. आता त्याने कागद सोलून फिल्म चिकटवली खरी, पण खाली हवा राहिली आणि बॉनेटभर फुगे आले.

"अहो, फुगा दिसला की रबरी पट्टीने दाबायचा! एकही ठेवायचा नाही!"

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, हिंदुराव गाडी पाहायला येणार म्हणून सासूबाई पुऱ्या तळत होत्या. छान टम्म फुगल्या होत्या. भिवाजी पट्टी घेऊन आला. सासूबाई पाणी घेऊन येईपर्यंत परातभर पुऱ्यांचे पापड झाले.

"तुमच्या जावयाला बाहेर न्या," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. एरवी, जावई कामाचा असला की तो सासूबाईंचा असे.

बाहेर यशवंतरावांनी उन्हात गाडी पाहिली. फिल्मखाली धूळ, खडे आणि एक मुंगी, तीही चालत्या स्थितीत.

"अहो, आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं! एकदा चिकटलं की मळ जन्मभर आतच राहतो. धुतल्याशिवाय काही म्हणजे काही जोडायचं नाही!"

"बरं मामा," भिवाजी म्हणाला. फिल्म ओरबाडून काढली, बादलीत साबण कालवला.

तेवढ्यात हिंदुराव आले. काळेभोर केस, काळीभोर मिशी, कडक इस्त्री. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वैजू पोहे घेऊन उभी होती, तिच्याकडे पाहिलंही नाही.

"पसंत आहे," ते गाडीला म्हणाले.

यशवंतराव हरखले. "मग सुपारी फोडू! आज आमची वैजू तुमच्याशी जोडली. आता जन्मभर सुटायची नाही."

भिवाजी दचकला. जन्मभराचं जोडायचं, आणि धुतलं कोणी? मामा घाईत विसरले असणार. मेहुणीच्या जन्माचा प्रश्न होता.

त्याने बादली उचलली आणि हिंदुरावांच्या डोक्यावर रिकामी केली. मग स्पंज घेतला आणि जावयाच्या निष्ठेने घासायला लागला.

केसांतून काळे ओघळ निघाले, कॉलरवर उतरले, इस्त्रीतून वाहिले. मिशी आधी तांबूस झाली, मग पांढरीफटक. पाणी ओसरलं तेव्हा अंगणात यशवंतरावांच्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते.

वैजूच्या हातून पोह्यांची बशी सुटली. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की खाली बसली.

"जावईबापू!" यशवंतराव ओरडले. "हे काय केलंत?"

भिवाजीने स्पंज पिळला, काळं पाणी पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"मामा, बरं झालं आधी धुतलं. हा तर बराच वापरलेला निघाला!"