दिवाणजींचे विलायती बूट

देवखिंडचे राजेसाहेब मासे धरायला कमरेएवढ्या पाण्यात उतरत आणि दरवेळी शेवाळावरून घसरून आपटत. शेवटी त्यांनी नदीसाठी बूट मागवले.

दिवाणजींनी गुडघ्याएवढे विलायती बूट आणले. "सरकार, थेंबभर पाणी आत शिरणार नाही!" जोडे शिवणाऱ्या म्हाताऱ्या बयाजीने शेवाळावर पकड यावी म्हणून तळाला जाड घोंगडी शिवलेले बूट पुढे ठेवले. त्यांना खाली चक्क भोकं होती.

"भोकं?" दिवाणजी कडाडले. "हा सरकारांना बुडवायला निघालाय! हाकला याला गावाबाहेर."

बयाजीने भरलेली घागर उचलली आणि दोन्ही जोडांत पाणी ओतलं. त्याच्या बुटांतलं झरझर वाहून गेलं, दिवाणजींचे मात्र काठोकाठ भरले. "आता हे घालून चालून दाखवा, दिवाणजी."

"अरे, पण बुटात वरून पाणी ओततंय कोण?"

"नदी," बयाजी हात जोडून म्हणाला. "तिनं खालूनच यायचं, हे आपलं फर्मान तिला अजून पोचलं नसेल."

राजेसाहेब पोट धरधरून हसले. बयाजीच्या बुटांत, न घसरता धरलेला पहिला मासा त्याच्याच घरी गेला.

विलायती बुटांत राणीसाहेबांनी हौसेने मोगरा लावला. पाणी साचून आठवड्यात मुळं कुजली. मग ते बूट भोकं पाडायला बयाजीकडे आले. घेऊन आले होते खुद्द दिवाणजी.