अंगठ्याची नाडी

“म्हणजे माणूस डोळ्यांदेखत गेलं तरी तुला काहीच वाटत नाही?” भिकनगिरी बाबांनी विचारले.

“काही नाही, बाबा,” हेमलता म्हणाली. म्हणताना तिची मान ताठ होती.

तापीकाठच्या त्या लहानशा मठात लोक येत ते आपापले रडगाणे घेऊन. ही बाई मात्र बक्षीस घ्यायला आल्यासारखी बसली होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची उमर गेली होती. साधूंना जन्मभर धुनीपुढे बसून जे साधत नाही ते वैराग्य आपल्याला वॉर्डात उभ्या उभ्या साधले, असे तिचे म्हणणे होते. आता नोकरी सोडायची आणि बाबांकडून दीक्षा घ्यायची, एवढेच राहिले होते.

पुरावाही तिने आणला होता. पूर्वी पेशंट दगावला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. परवा इमारतीवरून पडलेला एक कोवळा गवंडी तिच्या हातात गेला. तिने त्याचे डोळे मिटले, चादर बदलली, हात धुतले आणि जेवायला डबा उघडला.

“डब्यात काय होतं?”

हेमलता थांबली. आठवेना…

“बरं. मग आनंद कधी झाला शेवटचा?”

तेही तिने ठसक्यातच सांगितले. भाचीला मुलगी झाली, बाळ हिच्या मांडीवर ठेवले. घरचे सगळे हसत होते, रडत होते. हिने बाळाची नखे निळी नाहीत ना, तेवढे पाहिले आणि बाळ परत दिले.

सांगून झाले आणि तिचे तिलाच ते ऐकायला बरे वाटले नाही. खरे तर त्या दिवशी ती मनातून फार घाबरली होती. वैराग्य हे नाव तिने त्यानंतर शोधले होते.

बाबांनी मनगट पुढे केले. “नाडी बघ.”

तिने सवयीने तीन बोटे टेकवली.

“तशी नको. अंगठ्याने बघ.”

तिला हसू आले. “अंगठ्याने बघत नसतात, बाबा. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. पेशंटची राहते बाजूला आणि आपण आपलीच मोजत बसतो. पहिल्या वर्षीच शिकवतात हे.”

“बघ तर.”

मोठ्यांचा शब्द मोडवेना. तिने अंगठा ठेवला.

“त्या गवंड्याचं नाव काय होतं?”

“सोपान.”

“शेवटी काही बोलला?”

“म्हणाला… सिस्टर, आईला आता फोन करू नका. ती घरी एकटीच असते.”

अंगठ्याखाली काहीतरी धाडधाड उडू लागले. हेमलता दचकली. बाबांना काही झाले की काय, म्हणून तिने पटकन तीन बोटे टेकवली. बाबांची नाडी चढावरच्या बैलासारखी संथ चालली होती.

तिने पुन्हा अंगठा ठेवला. पुन्हा धाडधाड.

मग ती रडली. सोपानसाठी, त्याच्या आईसाठी, आधीच्या साऱ्यांसाठी हमसून हमसून रडली. आणि रडता रडताच तिला असा काही आनंद झाला की ती हसू लागली. काळजाचा दगड झाला नव्हता. सगळे आत जिथल्या तिथे होते.

बाबांनी धुनीवरचा चहा पुढे केला. एक घोट घेऊन ती म्हणाली, “आलं जरा जास्तच पडलंय.”

दीक्षेचे नाव तिने पुन्हा काढले नाही. दुपारची ड्युटी गाठायची होती. डोळे पुसून, पदर खोचून, लढाई जिंकल्यासारखी ती उठली आणि बाबांच्या पाया पडली.

“गुरुदक्षिणा काय देऊ, बाबा?”

बाबा हसले.

“काहीही दे, बाई. अंगठा तेवढा तुझ्याकडेच ठेव.”